पळून आल्यावर काय प्यायचं, काय खायचं (सोलापूरच्या उन्हाळ्यात)

पार्क मैदानावर पळायला जायच्या आधी वजन करा आणि आल्यावर घाम पुसून परत करा, जितकं कमी भरेल तितका घाम गेला समजा, १ किलो म्हणजे साधारण १ लिटर. आता भरून काढायचं तर १ किलोला सव्वा ते दीड लिटर लागतं कारण थोडं लघवीवाटे जातंच, पण ते घटाघट एका दमात नको, दोन-चार तासांत थोडं थोडं प्या. नुसतं पाणीही नको, घामातनं मीठ जातं ना, म्हणून मीठ-जिरं घातलेलं ताक बेस्ट. मिठातलं सोडियम असलं की पाणी अंगात टिकतं. (बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारा.)

खाण्यात ज्वारीची भाकरी कार्ब्ससाठी एकदम ओके, स्नायूंमधलं ग्लायकोजन (म्हणजे साठवलेली साखर) तीच भरते. प्रोटीन २०-२५ ग्रॅम हवं, आणि इथंच आपली गडबड होते बघा, शेंगा चटणी कितीही भारी असली तरी दोन चमच्यांत ५ ग्रॅमच्या आसपासच मिळतं. सोबत तीन अंडी नाहीतर १०० ग्रॅम पनीर घ्या. अर्ध्या तासातच खाल्लं पाहिजे असं काही नाही, दोन तासांत जेवलात तरी चालतंय.