रंगमंचावर चांदण्यांची रात्र कशी उभी करावी

हौशी नाटकात रात्रीचं आकाश दाखवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "माळा किती आणायच्या?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. दिव्याच्या माळा लावलेला काळा पडदा आणि आकाश यांत फरक पडतो तो दोन गोष्टींनी. मागचा काळोख खरोखर काळा हवा आणि ताऱ्यांचं तेज कमीजास्त हवं. हे दोन्ही साधलं तर तीस फूट रुंद आणि पंधरा फूट उंच पडद्याला तीन-साडेतीनशे तारे पुरतात. इथे सांगितलेली पद्धत अशाच पडद्याची आहे आणि एखाद्या एकांकिकेच्या किंवा राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघाच्या खिशाला ती झेपते.

आधी रात्र ठरवा

दिग्दर्शकाबरोबर बसून एक गोष्ट पक्की करा: ही रात्र निसर्गातली आहे की कल्पनेतली? १८१६ साली बर्लिनमध्ये मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरात रात्रीच्या राणीच्या प्रवेशासाठी कार्ल फ्रीडरिश शिंकेलने निळ्या घुमटावर तारे चक्क ओळींत मांडले होते. ते तिथे शोभले, कारण ती राणी या जगातली नव्हतीच. तुमच्या नाटकातला म्हातारा मात्र अंगणात बाज टाकून पडला असेल, तर ओळीतले तारे प्रेक्षकाला खटकणारच.

निसर्गातली रात्र असेल तर महिना आणि वेळ संहितेतून शोधा. कोजागरीच्या रात्री चंद्राच्या उजेडात बारीक तारे पुसले जातात. मोजके ठळक तारे आणि भरपूर चांदणं, एवढंच दाखवा. दिवाळीच्या अमावास्येला आकाश गच्च भरलेलं असतं. डिसेंबरात रात्री साडेआठ-नऊला पूर्वेकडे पाहिलं तर मृग नक्षत्र आडवं झालेलं दिसतं. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ उभ्या रेषेत असतात. ती रेषा खाली उजवीकडे वाढवली की व्याध येतो, वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि आणखी वर कृत्तिकांचा झुबका. मे महिन्यातली रात्र असेल तर उत्तरेला सप्तर्षी आणि आग्नेयेला वर येणारा वृश्चिक. एक ओळखीचं नक्षत्र पुरे होतं. प्रेक्षकांत एकाने जरी "अरे, मृग!" म्हणून शेजाऱ्याला कोपर मारलं, तरी बाकीच्या आकाशावरही त्याचा विश्वास बसतो.

कापड

मखमल सर्वांत उत्तम, कारण ती उजेड गिळते. परवडत नसेल तर जाड काळं केसमेंट किंवा ड्रिल घ्या. सॅटिन आणि चमकणारं पॉलिएस्टर नको. बाजूचा जरासा उजेड पडला तरी ते राखाडी दिसतं. दुकानात कापडाचा तुकडा मोबाइलच्या टॉर्चखाली तिरका धरून पाहा, चमक लगेच कळते. ५८ इंच पन्हा असेल तर तीस फुटांसाठी सात उभ्या पट्ट्या जोडाव्या लागतात. शिवण दुहेरी घाला, नाहीतर टाक्यांच्या भोकांतून मागचा उजेड डोकावतो. वर नाड्या आणि खाली पाइप घालायला नेफा. पडदा सपाट ताणून लावायचा आहे. चुण्या पडल्या की तारे त्यांत गडप होतात.

तारे कुठे हे ठरवणं

या कामाला वेळ द्या. माणसाला मुद्दाम विस्कळीत ठिपके काढता येत नाहीत. हात आपोआप सारखं अंतर राखतो. आकाशात तसं नसतं. कुठे चार तारे खेटून, तर कुठे हातभर जागा रिकामी.

पडदा दर्शनी बाजू वर करून मोठ्या हॉलच्या फरशीवर पसरा. आधी खडूने नक्षत्र काढून घ्या. मग थोडे तांदूळ घेऊन कमरेच्या उंचीवरून भिरकावा. जिथे दाणा पडेल तिथे खडूचा ठिपका. झुबका झाला तर तसाच राहू द्या, फक्त नक्षत्राच्या आकारात घुसलेले दाणे उचला. आकाशगंगा हवी असेल तर तिरक्या पट्ट्यात आणखी थोडे दाणे टाका. खालचे तीन फूट मोकळे ठेवा. तिथे डोंगराची किंवा घरांच्या छपरांची काळी कडा पुठ्ठ्यातून कापून उभी करायची आहे. क्षितिजाशिवाय आकाश हवेत लटकतं.

खुणा दर्शनी बाजूनेच करा. मागून केल्या तर मृग आरशातला होतो आणि व्याध डावीकडे जातो.

तेजाची वाटणी

डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांच्या तेजाच्या सहा प्रती मानतात. एका प्रतीपेक्षा पुढची सुमारे अडीच पट मंद, म्हणजे पहिली सहावीच्या शंभर पट तेजस्वी. आणि दर पायरीला ताऱ्यांची संख्या साधारण तिपटीने वाढते. हेच गणित पडद्यावर उतरवा: ठळक तारे आठ, त्यानंतरचे पंचवीस, मग पंचाहत्तर आणि अगदी बारीक सव्वादोनशे. चार वेगळ्या रंगांचे खडू घेऊन ही वाटणी ठिपक्यांवरच करून टाका.

दिवे लावणं

तांब्याच्या बारीक तारेवरच्या पाच व्होल्टच्या एलईडी माळा घ्या. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीत त्या सहज मिळतात. निम्म्या पांढऱ्या आणि निम्म्या पिवळसर आणा. व्याधासाठी पांढरा, रोहिणीसाठी पिवळसर. सहसा दहा मीटरच्या माळेत शंभर दिवे असतात, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला एक. आपले तारे सरासरी फूटभर अंतरावर आहेत, म्हणून तीन-चार दिव्यांतला एकच वापरायचा आणि बाकीच्यांवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची. त्या हिशेबाने दहा-बारा माळा लागतात.

तेज कमीजास्त करण्यासाठी वेगवेगळे दिवे आणायची गरज नाही. जाड सुईने भोक पाडून दिवा पूर्ण बाहेर काढला की ठळक तारा. भोकाच्या तोंडाशीच ठेवला की मध्यम. बाहेर काढून त्यावर काळ्या परमनंट मार्करचा एक हात फिरवला की आणखी मंद. आणि कापड फार जाड नसेल तर भोक न पाडता दिवा मागेच टाचला की धुरकट, जेमतेम जाणवणारा तारा. ही शेवटची प्रत करायला लोक कंटाळतात, पण आकाशाला खोली तिच्यामुळेच येते. प्रत्येक दिवा मागून काळ्या दोऱ्याच्या दोन टाक्यांनी किंवा ग्लू गनच्या थेंबाने पक्का करा. तार ताणू नका, जरा सैल सोडा.

ठळक आठ ताऱ्यांची माळ वेगळ्या स्विचवर ठेवा. बाकीच्यांचे तीन-चार गट करा, प्रत्येकाला एलईडीचा स्वतःचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारं बटण. माळेबरोबर आलेले चमचमण्याचे प्रकार बंद करून टाका. ते गणपतीच्या मखराला छान दिसतात, इथे नाही. खरे तारे क्षितिजाजवळ जास्त लुकलुकतात आणि डोक्यावर जवळजवळ स्थिर असतात. म्हणून खालचा एखादाच गट डिमरने अगदी हळू वरखाली करा.

विजेची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. माळांचे अ‍ॅडॉप्टर नाट्यगृहाच्या डिमरच्या चॅनेलला लावू नका. ते थरथरतात आणि जळू शकतात. लाइटमनकडून थेट सॉकेट मागून घ्या. पडद्यावर २३० व्होल्टची माळ तर अजिबात नको. अ‍ॅडॉप्टर कापडापासून दूर, मोकळ्या हवेत टांगा.

पडदा टांगल्यावर

पडदा सर्वांत मागच्या बारवर, म्हणजे पडदे टांगायच्या आडव्या नळीवर. त्याच्या पुढे फूटभर अंतरावर काळी बारीक नेट सोडता आली तर जरूर सोडा. माळांच्या वायरी, गाठी, शिवणी सगळं झाकलं जातं आणि उजेड किंचित मऊ होतो.

आता काळोख राखायचा आहे. नटांना पडद्यापासून सात-आठ फूट पुढे खेळवा. त्यांच्यावर समोरून प्रकाश टाकला की तो जमिनीवरून उसळून मागच्या पडद्यावर चढतो आणि बारीक तारे धुऊन निघतात. त्यामुळे प्रकाश विंगांमधून, बाजूने द्या, फिका निळा. जमिनीवर काळं मॅट कापड अंथरा. धूर सोडायचा मोह टाळा. हवेत धूर असला की उजेड सगळीकडे पसरतो.

आणि प्रकाशयोजनेत या प्रसंगाला वेळ मागून घ्या. आधीचा प्रवेश लख्ख उजेडात असेल तर प्रेक्षकाचे डोळे अंधाराला सरावलेले नसतात. पहिलं मिनिटभर त्याला मंद तारे दिसतच नाहीत. आधीचा प्रकाश दीड-दोन मिनिटांत हळूहळू उतरवा. प्रथम ठळक आठ येऊ द्या, मग एकेक गट. संध्याकाळी आकाश असंच भरत जातं आणि नटाला बोलायला तेवढाच अवकाश मिळतो.

इतर मार्ग

प्रोजेक्टरने आकाश टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. मी तो घेत नाही. प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. त्याचा काळा म्हणजे राखाडी चौकोन, आणि तो चौकोन मागच्या रांगेतूनही दिसतो. ताऱ्यांचा गोबो (दिव्यापुढे लावायची नक्षी कापलेली चकती) सायक्लोरामावर, म्हणजे रंगमंचामागच्या फिक्या सपाट पडद्यावर, टाकला तर कातरवेळेचं निळं आकाश छान होतं, काळी रात्र होत नाही. आरसेगोळ्याचे (मिरर बॉलचे) ठिपके फिरतात, तेव्हा तो स्वप्नदृश्यापुरताच. फायबर ऑप्टिक मात्र उत्तम. एकाच दिव्यातून शेकडो तंतू निघतात, पडद्यावर वीज नसतेच, आणि पाऊण व दीड मिलिमीटरचे तंतू मिसळले की तेजाची वाटणी आपोआप होते. खर्च आणि मेहनत दोन्ही जास्त. ज्या नाटकाचे बरेच प्रयोग होणार आहेत त्याच्यासाठीच करा.

रंगीत तालमीला प्रकाशयोजनाकाराने तीन जागी बसून पाहावं: पहिली रांग, बाल्कनी आणि अगदी कडेची खुर्ची. कडेवरून काही तारे मंद दिसतील, कारण एलईडीचा उजेड समोर जास्त जातो. तिथले चार-पाच दिवे जरा वळवून घ्या. प्रयोग संपल्यावर पडदा घडी न घालता, मध्ये जुनी चादर ठेवून जाड पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. स्पर्धेत सेट लावायला मोजकाच वेळ मिळतो. असा गुंडाळलेला पडदा बारला बांधून सरळ सोडता येतो. पुढच्या प्रयोगाआधी तो एकदा अंधाऱ्या खोलीत लावून विझलेले तारे मोजा, आणि पिशवीत दोन जादा माळा, टेप आणि काळा दोरा ठेवा.