फायरफॉक्समधली नको असलेली लुडबुड बंद कशी करायची

आईच्या लॅपटॉपवर रोज सकाळी खालच्या कोपऱ्यात राशिभविष्य यायचं, मग लकी ड्रॉ, मग "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे", आणि ती बिचारी घाबरून मला फोन करायची. व्हायरस-बियरस काही नव्हता, कुठल्यातरी साइटवर कधीतरी "अलाऊ" दाबलं गेलं होतं एवढंच. म्हणून आधी ही नोटिफिकेशन्सच बंद करूया.

वर उजवीकडे तीन आडव्या रेघा, त्यात सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे खाली परमिशन्स. व्हर्जनप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते, नाही सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत नोटिफिकेशन्स टाईप करा. त्याच्यासमोरचं बटण दाबलं की परवानगी दिलेल्या सगळ्या साइट्सची यादी उघडते (आईच्या यादीत अकरा निघाल्या, त्यातली एकही तिला आठवेना). नको ती सिलेक्ट करून रिमूव्ह वेबसाइट, खाली "ब्लॉक न्यू रिक्वेस्ट्स"वाल्या चौकटीत टिक, आणि मग सेव्ह चेंजेस. हे सेव्ह विसरू नका, मी पहिल्यांदा नुसती फुली दाबून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी राशिभविष्य परत हजर! व्हॉट्सॲप वेब वगैरे यादीत ठेवलंत तर त्याची नोटिफिकेशन्स येत राहतात, काळजी नको.

तिथेच ऑटोप्ले आहे. मुळात आवाज ब्लॉक असतो पण व्हिडिओ आपोआप पळतच राहतो, तर "ब्लॉक ऑडिओ अँड व्हिडिओ" करून टाका, मोबाईल हॉटस्पॉटवर असाल तर डेटाही वाचेल.

नवीन टॅब उघडला की दिसणाऱ्या जाहिरातवाल्या चौकटी आणि बातम्या होम सेटिंग्जमधून जातात, "स्पॉन्सर्ड" जिथे दिसेल तिथली टिक काढायची, संपलं. पासवर्ड सेव्ह करू का हा प्रश्नही पासवर्ड्सच्या सेटिंगमधली टिक काढली की जातो, आणि घरात एकच लॅपटॉप चौघं वापरत असतील तर ते नक्की कराच. व्हिडिओवर माऊस नेला की येणारं ते छोट्या खिडकीचं बटण, पिक्चर-इन-पिक्चर, जनरलमध्ये खाली ब्राउझिंगखाली मिळेल, मला स्वतःला ते आवडतं म्हणून मी ठेवलंय.

आता एआय. व्हर्जन १४८ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये एआय कंट्रोल्स आहे, तिथे सगळं एकदम ब्लॉक करायचा एकच स्विच मिळतो. जुन्या व्हर्जनमध्ये मात्र ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, कोलन, कॉन्फिग असं मधे स्पेस न देता टाईप करून एंटर मारायचं, "जपून" अशा अर्थाची वॉर्निंग येते ती ॲक्सेप्ट करायची, आणि सर्चमध्ये ब्राउझर डॉट एमएल डॉट चॅट डॉट एनेबल्ड शोधायचं. त्या ओळीवर डबल क्लिक केलं की ट्रूचं फॉल्स होतं, आणि एआय चॅटबॉट तेवढा बंद होतो. पॉकेट (लेख नंतर वाचायला साठवून ठेवायची फायरफॉक्सवाल्यांची सोय) बंद करण्यासाठी इथे काय बदलायचं ते जुन्या लेखांमध्ये अजून दिसतं, ते सोडून द्या, पॉकेट ८ जुलै २०२५ लाच बंद पडलं.

या अबाउट-कॉन्फिगच्या पानावर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थोडा वेळ वापरून बघा, नाहीतर पाच बदलल्यावर काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही. घोळ झालाच तर बदललेली ओळ ठळक अक्षरात दिसते, तिच्या उजव्या टोकाला उलटा बाण असतो, तो दाबला की मूळ किंमत परत येते.