हमिंगबर्ड फिरकत नाहीत? फीडर लावताना या चुका टाळा

एप्रिल संपत आला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडच्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न ठरलेला असतो. फीडर लावलाय, लालभडक आहे, आत गोड पाणी आहे, मग हमिंगबर्ड, फुलांतला रस पिणारा तो इवलासा पक्षी, का येत नाही? कारण बहुतेक वेळा तीनांपैकी एक निघतं. फीडर उशिरा लागलेला असतो, आतलं पाणी खराब झालेलं असतं, नाहीतर बागेत औषध मारून मारून एकही किडा शिल्लक ठेवलेला नसतो. हे तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी येणारा पाहुणा कोण ते पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारा हमिंगबर्ड एकाच जातीचा, रूबी-थ्रोटेड. वजन साधारण ३ ग्रॅम. हिवाळा तो मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मध्य अमेरिकेत काढतो आणि वसंतात उत्तरेकडे निघतो. यातले बरेच पक्षी मेक्सिकोचं आखात कुठेही न थांबता ओलांडतात, म्हणजे जवळजवळ ८०० किलोमीटर, खाली फक्त समुद्र. त्यासाठी निघण्याआधी अंगावर इतकी चरबी चढवतात की वजन जवळपास दुप्पट होतं. पलीकडे पोचेपर्यंत ती चरबी संपलेली असते. म्हणजे तो येतो तो उपाशी, आणि पुढेही मजल दरमजल करत खातखातच वर सरकतो.

फुलं आल्यावर फीडर लावू, असं म्हणणं

सर्रास होणारी चूक. बाहेर अजून जाकीट घालावं लागतंय, झाडं उघडीबोडकी आहेत, मग एवढ्यात पक्षी कुठला? पण बागेत काही फुललेलं नसतं तेव्हाच फीडरचा खरा उपयोग. फुलं कमी असतात तेव्हा हे पक्षी सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्याने खोडाला पाडलेल्या भोकांतून पाझरणारा रस पितात आणि त्यावर चिकटलेले किडे खातात. इतकी टंचाई असते.

ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्सच्या किनाऱ्यावर पहिले नर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला दिसू लागतात. अटलांटा आणि कॅरोलायना भागात मार्चच्या उत्तरार्धात, व्हर्जिनिया ते न्यू जर्सी पट्ट्यात एप्रिलच्या मध्यानंतर, बॉस्टन, शिकागो, टोरांटोकडे एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा. फीडर यापेक्षा आठ-दहा दिवस आधी बाहेर हवा. ह्यूस्टनकरांनी पाडव्याची वाट पाहू नये, तोवर पहिली तुकडी येऊन गेलेली असते. न्यू जर्सीकरांसाठी सोपी खूण म्हणजे १५ एप्रिल: टॅक्स भरायच्या तारखेला फीडर लागलेलाच पाहिजे. तुमच्या भागात कुणाला पहिला पक्षी दिसला का, हे जर्नी नॉर्थच्या नकाशावर किंवा ईबर्डवर कळतं. दोन्ही लोकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइट.

नर आधी येतात, माद्या आठ-दहा दिवसांनी. त्यातले अनेक मागच्या वर्षीच्याच परिसरात परततात. म्हणून फीडरची जागा दरवर्षी बदलू नका. जुना हुक रिकामा असताना बरोबर त्या जागी हवेत घिरट्या घालणारा पक्षी खिडकीतून दिसला, की समजायचं आपल्याला उशीर झाला.

एखाद्या रात्री हिम पडणार असेल तर फीडर आत आणा आणि उजाडायच्या आत पुन्हा टांगा. अशा गार रात्री पक्षी शरीराचं तापमान आणि हृदयाचे ठोके एकदम खाली आणून निपचित बसतो. सकाळी फांदीवर मेल्यासारखा दिसला तरी हात लावू नका, ऊन अंगावर आलं की तो आपोआप उठतो.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींचा हिशेब वेगळा. तिथे ॲनाज हमिंगबर्ड बारा महिने मुक्कामाला असतो, आणि वसंतात रूफस नावाचा तांबूस पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने वर अलास्कापर्यंत जातो. बे एरियात फीडर काढायची वेळच येत नाही.

पाण्यात साखरेऐवजी काहीतरी "पौष्टिक" घालणं

इथे मराठी स्वयंपाकघर आडवं येतं. साखर वाईट आणि गूळ चांगला, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. पण गुळात आणि ब्राऊन शुगरमध्ये लोह असतं, ते या पक्ष्यांना झेपत नाही. मध तर अजिबात नको. पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. पिठीसाखरेत इथे कॉर्नस्टार्च मिसळलेला असतो. शुगर-फ्री गोळ्या घालणाऱ्यांना हात जोडून विनंती: ज्याचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात, त्याला कॅलरी नसलेला गोडवा म्हणजे उपासमार.

साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या. एवढंच. पाणी कोमट करून साखर विरघळवा, गार करून भरा. उकळत ठेवून पाक करू नका. एकतारी पाक चिरोट्यांना ठीक आहे, पक्ष्याला नाही. "जरा गोड जास्त घालू, बिचारा दमून आलाय" हा लाडही नको. १:४ हे प्रमाण फुलांतल्या मधुरसाच्या बरंच जवळ जातं. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. लाल रंग घालायची गरज नाही. फीडरचं झाकण लाल असतं, तेवढं त्याला दिसतं, आणि खऱ्या फुलातला रस बिनरंगाचाच असतो.

काठोकाठ भरून विसरून जाणं

दुकानात लिटरभराचा फीडर स्वस्त पडतो म्हणून आपण तो उचलतो. एक पक्षी दिवसभरात पितो किती? फार तर दोन-तीन छोटे चमचे. सीझनच्या सुरुवातीला एक-दोनच पक्षी असताना बाकीचं सगळं पाणी उन्हात आंबत राहतं. छोटा फीडर घ्या, तोही अर्धा भरा.

पाणी बिघडलंय हे ओळखायला फीडर उजेडासमोर धरा. पाणी किंचित दुधाळ दिसेल, तळाशी पांढरट तंतू तरंगत असतील. मग झाकण उलटं करून ज्या भोकांतून पक्षी पितो त्यांच्या आतली कड बघा. तिथे मोहरीएवढे काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. वरवर विसळून ती जात नाही. गरम पाणी, थोडं पांढरं व्हिनेगर आणि बारीक ब्रश, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा. एप्रिलच्या गारव्यात चार-पाच दिवसांनी पाणी बदललं तरी चालतं. मेअखेर ऊन तापलं की दर दोन दिवसांनी, आणि पारा ३० अंशांपुढे गेला की रोज. हे जमणार नसेल तर फीडर लावूच नका, फुलझाडं लावा. घाणेरड्या फीडरपेक्षा फीडर नसलेला बरा, यात मला तरी काही शंका नाही.

मुंग्या, गांधीलमाश्या आणि आपले घरगुती उपाय

मुंग्या लागल्या की लोक तारेला तेल किंवा व्हॅसलिन फासतात. ते पक्ष्याच्या पिसांना लागलं तर त्याला ते साफ करता येत नाही. मुंग्यांचा खडू, पावडर हेही फीडरच्या आसपास नको. आजी लाडवांचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायची ना, तोच उपाय इथे उलटा टांगलेला मिळतो: हुक आणि फीडर यांच्यामध्ये अडकवायची पाण्याची छोटी वाटी. मुंगीला पोहता येत नाही, विषय संपला. वाटीत पाणी मात्र राहू द्या, सुकली की मुंग्या हजर.

गांधीलमाश्या येत असतील तर फीडर गळतोय का ते आधी बघा. उलट्या बाटलीचा फीडर उन्हात तापला की आतली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. तो सावलीत न्या, किंवा बशीसारखा पसरट फीडर घ्या. त्यात पाणी भोकांच्या खाली राहतं, पक्ष्याची जीभ पोचते, माशीची नाही. फीडरवर पिवळी प्लास्टिकची फुलं असतील तर काढून टाका, पिवळ्यावर माश्या येतात.

जागा ठरवताना खिडकीचं भान ठेवा. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत हवा, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावरून भरधाव उडालेला पक्षी काचेवर आपटतो.

आणि दादागिरी. एक नर येतो, जवळच्या फांदीवर ठाण मांडतो आणि दुसऱ्याला फीडरजवळ फिरकू देत नाही. त्याचा गळा बघण्यासारखा असतो, सावलीत काळाकुट्ट, मान वळवली की माणकासारखा पेटतो. पण त्याच्यापायी वाटेवरचे दमलेले पक्षी उपाशी जातात. शेजारीच दुसरा फीडर लावून काही होत नाही, तो दोन्ही राखतो. दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा लावा.

बाग "स्वच्छ" ठेवणं

हमिंगबर्ड नुसत्या साखरेवर जगत नाही. साखर हे उडायचं इंधन, प्रथिनं मिळतात ती चिलटं, मावा आणि छोट्या कोळ्यांतून. पिल्लांना तर मादी भरपूर किडे भरवते. आणि आपण काय करतो? डासांसाठी अंगणभर फवारणीचं कंत्राट देतो, लॉनला औषध मारतो, आणि पाहुणे यायच्या आत छपराखालची जळमटं काढतो. मादी तीच जळमटं घेऊन घरटं बांधते. अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढं घरटं, कोळ्याच्या धाग्याने फांदीला बांधलेलं आणि बाहेरून दगडफुलाने मढवलेलं. पिल्लं वाढतात तसं ते ताणतं, फाटत नाही. निदान मे-जूनमध्ये तरी झाडू कुंपणाच्या आणि झाडांच्या बाजूला नेऊ नका. घरटं सापडलं तर लांबूनच बघा. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने वापरात असलेलं घरटं हलवणं गुन्हा आहे.

फीडरजवळ केळ्याची सालं टांगली की त्यावर चिलटं जमतात आणि पक्षी ती हवेतल्या हवेत टिपतो. शेजारी नाक मुरडतील, ते सोसायचं.

रोपं घेताना नर्सरीत विचारा की मुळांतून चढणारं कीटकनाशक दिलंय का. असं औषध पानाफुलांत, मधुरसातही उतरतं. वसंतासाठी देशी कोलंबाइन लावावी. लाल-पिवळी लोंबती फुलं नेमकी एप्रिल-मेमध्ये येतात. वेल हवा तर कोरल हनीसकल, पण सुवासिक जपानी हनीसकल उचलू नका, ती रानात पसरून बाकी सगळं गिळते. फुललेल्या गुच्छासारखे दुहेरी पाकळ्यांचे पेट्युनिया दिसायला छान, आत रस फारसा नसतो. टेक्सास-फ्लोरिडातल्यांची मात्र चंगळ आहे. आपल्या पांगाऱ्याची चुलत बहीण कोरल बीन तिथे रानात फुलते. पांगाऱ्याची फुलं मैना-बुलबुलांना बसून रस पिता यावा अशी उघडी, हिची मात्र लांब अरुंद नळी, हवेत तरंगत लांब चोच घालणाऱ्यासाठी. शिवाय हमेलिया. महाराष्ट्रात बागेबागेत दिसणारं हे केशरी फुलांचं झुडूप मुळात तिकडचंच.

तरीही पडणारे काही प्रश्न

"मेमध्ये रोज यायचे, जूनमध्ये गायब." काही बिघडलेलं नाही. वाटसरू पुढे गेले, राहिलेल्या माद्या अंड्यांवर आहेत आणि रानात फुलं भरपूर आहेत. जुलैत पिल्लांसकट गर्दी परतते.

"फुलावर इवलंसं पिल्लू दिसलं." पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा जवळजवळ आईएवढी असतात. डोक्याला मिशा आणि सहा पाय असतील तर तो दिवसा उडणारा हॉकमॉथ पतंग आहे. "पुण्यात हमिंगबर्ड" म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत हाच किंवा फुलांतला रस पिणारा आपला शिंजीर (सनबर्ड) असतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात, त्यामुळे कोथरूडच्या बाल्कनीत फीडर लावून काही उपयोग नाही. तिथे हमेलियाच लावा, शिंजीर येतील.

"फीडर वेळेत काढला नाही तर ते दक्षिणेला जायचे थांबतील ना?" नाही. निघायची वेळ त्यांना दिवस लहान होण्यावरून कळते. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर पंधरा दिवस फीडर राहू द्या, मागून येणाऱ्याला उपयोगी पडतो. आणि न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या अखेरीस एखादा आलाच, तर नीट फोटो काढून ईबर्डवर टाका. इतक्या उशिराचा पक्षी कधीकधी रूबी-थ्रोटेड नसून वाट चुकलेला रूफस निघतो.