हेगच्या एमयूएनला निघालात? मग ट्रॉफी विसरा, ठरावाचं बघा

एमयूएन म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी बनून भरवलेलं लुटुपुटूचं संयुक्त राष्ट्र. पुण्या-मुंबईच्या एमयूएन सर्किटमध्ये घडलेल्या मुलांना हेगमध्ये सगळ्यात जास्त नडतात त्या इथल्याच सवयी. ईबीच्या, म्हणजे गुण देणाऱ्या अध्यक्ष मंडळाच्या, तोंडाकडे बघत बोलायचं, मॉडमध्ये (एकेका मुद्द्यावरच्या नियंत्रित चर्चेत) हात वर करकरून आपलं नाव त्यांच्या वहीत लागेल असं बघायचं, चिटांचा पाऊस पाडायचा आणि शेवटच्या दिवशी बेस्ट डेलिगेटच्या ट्रॉफीकडे डोळे लावून बसायचं. थिमुनमध्ये, म्हणजे द हेग इंटरनॅशनल मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये, डेलिगेटला बक्षीसच नसतं. १९६८ पासून भरणारी शाळकरी मुलांची ही परिषद जानेवारीच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या हेग शहरात, वर्ल्ड फोरम नावाच्या भल्यामोठ्या सभागृहात होते. जीएसएल (भाषण करणाऱ्यांची यादी), मॉड, अनमॉड (जागा सोडून केलेली मोकळी चर्चा) हे शब्द तिथे कुणाला फारसे कळतही नाहीत, कारण तिथली पद्धत वेगळी आहे. सगळा कारभार ठरावाभोवती फिरतो.

मी अकरावीत असताना बोलिव्हियाची डेलिगेट म्हणून गेले होते. आता आमच्याच कॉलेजची पुढची टीम निघाली आहे आणि व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

देश हातात आला की

आधी एक गोष्ट. इथे एकट्याने नाव नोंदवता येत नाही. शाळा अर्ज करते, सोबत शिक्षक यावे लागतात आणि देशही शाळेला मिळतो. 'आम्हाला फ्रान्स किंवा अमेरिका द्या' म्हणून हट्ट धरू नका. मोठ्या देशाच्या डेलिगेटला दिवसभर बचावच करावा लागतो. बोलिव्हियासारखा देश मिळाला तर नशीब समजा. मला पर्यावरणाची कमिटी होती आणि विषयांत पाण्याचा हक्क होता.

अभ्यासाची सुरुवात विकिपीडियावरच्या लोकसंख्या आणि चलनापासून करू नका. आधी बघा, आपल्या देशाने या विषयावर खऱ्या यूएनमध्ये मत कसं दिलंय. यूएनच्या डिजिटल लायब्ररीत ठरावाचा क्रमांक टाकला की मतदान समोर येतं. माझ्या विषयात तो क्रमांक होता ६४/२९२. पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे असं आमसभेने २८ जुलै २०१० रोजी मान्य केलं, आणि तो ठराव मांडला होता बोलिव्हियाने. बाजूने १२२, विरोधात एकही नाही, तटस्थ ४१. भारत बाजूने. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान आणि ज्यांच्या शहरात आपण चाललोय ते नेदरलँड्स, सगळे तटस्थ.

हा एक तक्ता म्हणजे माझा अर्धा अभ्यास. आपल्याकडे कोण येणार आणि कुणाला ओढून आणावं लागणार, हे त्यात आयतं लिहिलेलं असतं. त्यापुढे जाऊन तटस्थ राहिलेल्यांनी मतदानाच्या वेळी काय कारण दिलं तेही वाचा. अमेरिकेचं म्हणणं होतं की जीनिव्हात मानवाधिकार परिषदेत या विषयावर काम चालू असताना आमसभेत घाई झाली. म्हणजे त्यांचा आक्षेप पाण्यापेक्षा पद्धतीवर जास्त होता. असा आक्षेप शब्द इकडेतिकडे करून मिटवता येतो, आणि लॉबिंगमध्ये, म्हणजे इतर देशांना आपल्या ठरावावर राजी करताना, नेमकं हेच करायचं असतं.

मग आपल्या देशाची दुखरी जागा शोधा. सरावाला मैत्रिणीला विरोधी देश करा आणि तिला सांगा, जिव्हारी लागेल असंच विचार. बोलिव्हियापुरतं सांगायचं तर मला हे पाठ होतं: १९९९ मध्ये कोचाबाम्बा शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि २००० च्या एप्रिलमध्ये करार रद्द झाला. २००९ च्या राज्यघटनेत पाणी हा हक्क म्हणून आला. इथवर छाती फुगवून बोलता येतं. पण २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ला पाझमधल्या कितीतरी वस्त्यांचे नळ कोरडे पडले आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. घटनेत हक्क आहे तर नळाला पाणी का नाही? हा प्रश्न येणार म्हणजे येणारच.

इथे थोडं विषयांतर. मी मूळची लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लातूर. टँकर, नंबर, हंडे-घागरी, सगळं बघत वाढलेय. साहजिकच बोलायला उभं राहिलं की 'आमच्याकडे' असं तोंडात येतं. पण पुढ्यातल्या पाटीवर बोलिव्हिया लिहिलेलं असतं. तिथे गावची कहाणी सांगितली की भाषण पडलंच समजा. त्यापेक्षा आपल्याला जे माहीत आहे ते कलमात घाला. माझ्या ठरावात एक कलम असं होतं की टंचाईच्या काळात सरकारी टँकर कुठे, किती वाजता आणि किती पाणी घेऊन गेला याची नोंद त्या वस्तीतच फलकावर लावावी. लातूरचं नाव कुठेही नव्हतं. पण टँकरसाठी थांबलेल्या माणसालाच सुचेल असं ते कलम होतं, आणि सगळ्यात कमी वाद त्याच्यावर झाला.

ठराव घरूनच लिहून न्यायचा

आपल्याकडे आधी लिहून आणलेला ठराव म्हणजे लबाडी समजतात. अमेरिकेतल्या काही परिषदांतही त्याला सक्त मनाई असते. थिमुनमध्ये उलट आहे, मसुदा घेऊनच जायचं असतं. रचना ठरलेली: वर कमिटी, विषय, मांडणारा देश, मग प्रस्तावनेची कलमं, त्यानंतर कृतीची. अख्खा ठराव म्हणजे एकच लांबलचक वाक्य. प्रस्तावनेच्या कलमांनंतर स्वल्पविराम, कृतीच्या कलमांनंतर अर्धविराम, पूर्णविराम फक्त शेवटी. हे किरकोळ वाटतं, पण मसुदा तपासणीच्या टेबलावर जातो आणि तिथली मंडळी विरामचिन्हांवरून परत पाठवतात. क्रियापदांचंही तसंच. सुरक्षा परिषद सोडली तर आपण 'आदेश' देऊ शकत नाही; विनंती करायची, आवाहन करायचं, शिफारस करायची.

मसुद्यात सहा-सात कृतीची कलमं पुरेत. त्यातली दोन अशी ठेवा की जी जीव गेला तरी सोडायची नाहीत, आणि दोन अशी की जी हसत हसत सोडून देता येतील. पैसा कुठून येणार याचं एक कलम हवंच. ते नसेल तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

लॉबिंग: खरी परिषद इथे होते

औपचारिक चर्चेच्या आधीचा लॉबिंगचा वेळ बाहेरून बघणाऱ्याला भाजी मंडईसारखा वाटेल. खोलीभर मुलं, प्रत्येकाच्या हातात आपापला मसुदा, आणि जो तो सह्या गोळा करतोय. सह-प्रस्तावक म्हणून ठराविक देशांच्या सह्या झाल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. त्यामुळे चार-पाच मसुदे एकत्र करून एक करावा लागतो. त्याला मर्जिंग म्हणतात.

भारतीय मुलं इथे एक करतात: मोठ्याने बोलून घोळक्याचा ताबा घेतात. इथल्या अनमॉडमध्ये ते चालून जातं. हेगमध्ये समोरची मुलगी शांतपणे लॅपटॉप उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. माझा अनुभव असा की ज्याच्या लॅपटॉपवर एकत्रित मसुदा टाइप होतो, त्याच्याकडे सत्ता असते. म्हणून बोलायच्या आधी म्हणा, 'मी टाइप करते, तुम्ही सांगा.' कलमांचा क्रम, कुणाचं वाक्य वर आणि कुणाचं खाली, कुठला शब्द मवाळ करायचा, सगळं आपोआप तुमच्या हातात येतं. वर तुम्हीच मदत केलीत असंही सगळ्यांना वाटतं.

आमच्या टेबलावर जपानची पाटी घेऊन आलेला मुलगा 'मानवी हक्क' हे शब्द कृतीच्या कलमात नकोतच म्हणून अडून बसला होता. बोलिव्हियाला ते शब्द सोडणं शक्य नव्हतं. सोडले असते तर मी बोलिव्हिया कसली! वाद घालत बसण्यापेक्षा मी ६४/२९२ ची आठवण करून देणारं वाक्य प्रस्तावनेत नेलं, कारण तो ठराव मंजूर झाला ही वस्तुस्थिती आहे, ती कुणाला नाकारता येत नाही. कृतीच्या कलमात 'सुरक्षित पाणी सर्वांना परवडेल अशा दरात' एवढंच ठेवलं. आणि त्याचं पाणीगळती शोधण्याच्या तंत्रज्ञानाचं कलम त्याला हवं तसं, एक शब्दही न बदलता घेतलं. त्याने सही केली, आणि जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. असं एखादं कलम मनापासून घेतलंत की तो माणूस पुढे चर्चेत तुमच्या ठरावाची पाठराखण करतो. कारण आता तो त्याचाही ठराव असतो.

उभं राहून बोलताना

'मी', 'आम्हाला वाटतं' बंद. 'बोलिव्हियाच्या प्रतिनिधीचं असं मत आहे' असंच बोलायचं. घरी आईशी तसं बोलून बघा. ती वैतागेल, पण जीभ वळेल. ठरावाची मुख्य प्रस्तावक असाल तर आधी कृतीची कलमं वाचून दाखवायची, मग भाषण, मग सभागृहाचे प्रश्न. समोरच्याला फक्त प्रश्न विचारता येतो, मत मांडता येत नाही. म्हणून सराईत मंडळी आपलं मत प्रश्नात गुंडाळून सोडतात: 'प्रतिनिधींना हे ठाऊक आहे का की...'

मला चिलीकडून सिलाला नदीबद्दल विचारलं गेलं. चिली आणि बोलिव्हियातला तो वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि १ डिसेंबर २०२२ ला त्याचा निकाल लागला. प्रश्नाचा रोख असा की शेजाऱ्याशी एका नदीवरून भांडणारा देश जगाला पाणीवाटप काय शिकवणार? अशा वेळी इतिहासात शिरायचं नाही. मी म्हटलं, बोलिव्हियाने न्यायालयात बाजू मांडली आणि निकालही लागला. वाद शांततेने कसे मिटवायचे ते या ठरावाच्या पाचव्या कलमात आहे, चिलीने ते जरूर वाचावं. दोन वाक्यांत उत्तर आणि लगेच आपल्या कलमाकडे. लांब उत्तर दिलंत की समोरच्याला फट सापडते. अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याचाही फायदा घ्या.

आणि हो, आपलं इंग्रजी वेगाने सुटतं. समोर पोर्तुगालची, तुर्कस्तानची, ओमानची मुलं असतात. हळू बोला.

कागदपत्रं, थंडी, पोटपूजा

शेंगेन व्हिसाचा (नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण डिसेंबरच्या सुट्ट्यांच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळतानाच घाम फुटतो, तेव्हा दिवाळीपूर्वीच हालचाल करा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-बाबा दोघांचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखला. इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं: आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. आजच कपाटातून काढून बघा. नसेल तर नगरपालिकेत नाव चढवून घ्यायला वेळ जातो.

अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून हेगला थेट ट्रेन आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचते. ट्राममध्ये चढताना कार्ड टेकवायचं तसं उतरतानाही टेकवायचं, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. लालसर रंगाचा रस्ता सायकलींचा असतो, तिथे उभं राहून सेल्फी काढू नका, घंटी वाजवत अंगावर येतात. जानेवारीत सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही, आणि समुद्राचा वारा असा की छत्री उलटी होते. टोपीवाला रेनकोट घ्या. ब्लेझरच्या आत थर्मल.

खाण्याचं म्हणाल तर दुपारी ब्रेड आणि चीज, संध्याकाळी भूक. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणू देत नाहीत. पण हेगमध्ये सुरिनामी रोटीची दुकानं आहेत, ती सोडू नका. १८७३ पासून भारतातून सुरिनामला मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज पुढे नेदरलँड्समध्ये आले आणि त्यातले कितीतरी हेगला स्थायिक झाले. मोठी मऊ रोटी, बटाट्याची रसभाजी आणि चवळीच्या लांब शेंगा. सांगितलं की बिनमांसाची देतात. काउंटरवरच्या आजींनी माझ्याशी जे हिंदी बोलायचा प्रयत्न केला ते भोजपुरीच्या जास्त जवळ होतं.

शेवटच्या दिवशी वेळ उरला तर पीस पॅलेस बघा. १९१३ मध्ये उघडलेल्या या इमारतीत आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं. कुलभूषण जाधव खटल्याचा १७ जुलै २०१९ चा निकाल इथलाच, आणि भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे आपल्या नागपूरचे. आमच्या टीमला त्याहून जवळचा वाटला तो बोलिव्हियाचा समुद्राचा खटला. चिलीने आपल्याला समुद्रापर्यंत वाट देण्यासाठी वाटाघाटी कराव्यात, ही बोलिव्हियाची मागणी १ ऑक्टोबर २०१८ ला इथेच फेटाळली गेली. तरी त्या देशाने आपलं आरमार मोडीत काढलेलं नाही. इमारतीच्या आत फिरायचं तर आधी बुकिंग लागतं, आणि न्यायालयाचं काम चालू असेल तर फेऱ्या बंद असतात. फाटकाशेजारच्या माहिती केंद्रात मात्र जाता येतं. सव्वापाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो, तेव्हा जेवण उरकलं की लगेच निघा.