क्लबफूटचे उपचार: प्लास्टर ते ब्रेस, या चुका टाळा

जन्मतः पाऊल आत आणि खाली वळलेलं, टाच वर ओढलेली, तळव्याची कमान खोल: हा क्लबफूट. हजार बाळांत साधारण एक-दोघांना होतो, मुलग्यांत मुलींच्या दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पायांना. गरोदरपणी ग्रहणात सुरी धरली म्हणून तो होत नाही. त्यामुळे बाळाच्या आईला बोल लावणं पहिलं थांबवा.

डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात विकसित केलेल्या पद्धतीत आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टरं, टाचेवर एक बारीक छेद आणि मग चार-पाच वर्षं ब्रेस (पट्टीनं जोडलेले दोन बूट) एवढ्यावर बहुतेक पाय सरळ होतात. बिघाड होतो तो या तिन्हींच्या मधल्या फटींत.

"सोयर फिटू दे, बारसं होऊ दे"

ही रात्री धावत जाण्याची आणीबाणी नाही, पण जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात झाली की ऊती मऊ असतात आणि काम सोपं जातं. उशीर झाला असेल तरी आशा सोडू नका, चालायला लागलेल्या मुलांतही हीच पद्धत वापरतात, फक्त प्लास्टरं जास्त लागतात. गोव्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ऑर्थोपेडिक ओपीडीत दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीतही क्लबफूट आहे. तिथं पायाबरोबर बाळाचे खुबे आणि पाठीचा कणा तपासून घ्यायला सांगा.

दरम्यान आंघोळ घालणाऱ्या बाईकडून तेल लावून पाऊल रोज ओढून घेणं नको. पाऊल हातानं सहज सरळ होत असेल तर ते गर्भातल्या स्थितीमुळे वळलेलं असतं, आपोआप सुटतं. खऱ्या क्लबफूटला मालीश पुरत नाही. उलट टाच तशीच राहून पुढचं पाऊल वर दाबलं गेलं तर तळवा मधोमध मोडतो आणि होडीच्या बुडासारखा फुगतो.

पहिल्या प्लास्टरनंतर "हे तर आणखी वाकडं झालं"

ही तक्रार हमखास येते, आणि पुष्कळदा ती चुकीची असते. पहिल्या प्लास्टरात कमान सपाट करण्यासाठी अंगठ्याकडची बाजू वर उचलतात, त्यामुळे तळवा अधिकच आत वळलेला दिसतो. पुढच्या प्लास्टरांत घोट्यापुढच्या बाहेरच्या बाजूला जाणवणाऱ्या हाडाच्या (टेलसच्या) डोक्यावर अंगठा टेकवून पाऊल हळूहळू बाहेर नेतात. टाचेला हात लावून ओढत नाहीत. ती पावलामागोमाग आपसूक सरळ होते.

तुम्ही मात्र एक गोष्ट नक्की बघा. प्लास्टर बोटांपासून जांघेपर्यंत असावं, गुडघा काटकोनात वाकवलेला असावा. गुडघ्याखालीच थांबलेलं प्लास्टर घसरतं, आणि पाऊल बाहेर वळलेलं धरत नाही.

घसरणं ओळखायची खूण बोटं. काल पाच दिसत होती आणि आज आत गेली, तर पुढच्या आठवड्याच्या तारखेची वाट पाहू नका. घसरलेलं प्लास्टर पायाला चुकीच्या जागी दाबतं, आणि पाऊल आखूड, फुगीर, तळव्यावर आडवी खोल घडी असलेलं बनू शकतं. असा पाय सुधारायला वेगळं तंत्र लागतं. बोट दाबून सोडा: पांढरं होऊन दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. निळं, पांढरं, गार किंवा सुजलेलं बोट दिसलं तर रात्र असो की पाऊस, त्याच वेळी जा.

प्लास्टर पक्कं वाळायला एक-दोन दिवस जातात, आपल्याकडे जून-जुलैत त्याहूनही जास्त. ते दुपट्यात गुंडाळू नका, उशीवर उघडं ठेवा, पंखा लावा. लंगोट प्लास्टरच्या वरच्या काठाबाहेर बांधा, आणि आंघोळीऐवजी ओल्या कपड्यानं पुसून घ्या.

घरून प्लास्टर भिजवून यायला सांगितलं असेल तर ते नवीन घालायच्या दिवशीच सकाळी करा, आदल्या रात्री नाही. रात्रभरात मिळालेली सुधारणा थोडी परत जाते.

छेदाला घाबरून थांबणं

दहातल्या आठ-नऊ मुलांना टाचेमागचा घट्ट स्नायुबंध कापावा लागतो. "नस कापली तर पाय लुळा पडेल" ही भीती निराधार आहे. छेद काही मिलिमीटरचा, स्थानिक भूल देऊन, बहुधा टाका नसतोच. कापलेला बंध साधारण तीन आठवड्यांत लांब होऊन जुळतो, म्हणून शेवटचं प्लास्टर तीन आठवड्यांचं. प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग चालतो, वाढत जाणारा चालत नाही.

ब्रेस: खरी कसोटी इथेच

पाय सरळ दिसतो, म्हणून बूट-पट्टी कपाटात जाते. पाय परत वळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. पहिले तीन महिने रोज 23 तास, म्हणजे फक्त आंघोळीपुरती सुट्टी. नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत, मिळून 12 ते 14 तास. मूल चालू लागलं म्हणून रात्रीचा ब्रेस बंद होत नाही. चवथीला गावच्या घरी जाताना पिशवीत आधी ब्रेस टाका, कपडे नंतर.

पट्टीवर आजारी पायाचा बूट 60 ते 70 अंश बाहेर वळलेला, एकाच पायाला असेल तर निरोगी पायाचा 30 ते 40. पट्टीची लांबी बाळाच्या खांद्यांएवढी. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडेल. दोन्ही पाय एकत्र धरून गुडघे वाकवा-सरळ करा, म्हणजे पाय एकत्र हलवायचे हे त्याला उमगतं.

फोड आला की पट्टे सैल करणं ही नेहमीची चूक. बूट बहुधा सैल असल्यानंच पाऊल घासतं. मधला पट्टा आधी घट्ट करा, टाच बुटात टेकली का ते बघा. मऊ सुती मोजे, शिवण त्वचेला न लागता. लाल डागावर क्रीम लावू नका, त्वचा आणखी मऊ पडते. पावसाळ्यात चामड्याच्या बुटांना बुरशी येते, म्हणून आंघोळीच्या तासाभरात बूट वाऱ्यावर ठेवा, मोज्यांचे पाच-सहा जोड असू द्या. स्क्रू दर आठवड्याला आवळा. बोटं काठाबाहेर वळू लागली की मोठे बूट घ्या.

पोटरी थोडी बारीक, पाऊल एखाद्या नंबरानं लहान, हे कायम राहू शकतं. त्यामागे धावू नका. टाच टेकत नाही, उकिडवं बसता येत नाही, चालताना पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या कडेवर पडतं, ही मात्र परत वळू लागल्याची चिन्हं. लवकर गेलात तर दोन-तीन प्लास्टरं आणि पुन्हा ब्रेस एवढ्यावर निभावतं. अडीच-तीन वर्षांनंतरही चालताना पाऊल वळतच राहिलं तर नडगीच्या पुढच्या स्नायूचा बंध पावलाच्या मध्याकडे हलवतात. तेव्हाही सांधे उघडण्याची वेळ सहसा येत नाही.