दोन उगवत्या हॉकीपटूंच्या खेळाची तुलना कशी करावी

दोघांत भारी कोण, एवढंच हवं असेल तर स्टँडमधल्या कुठल्याही काकांना विचारा. मॅच सुरू व्हायच्या आधीच उत्तर मिळेल. दोघांच्या खेळाची ढब ताडून पाहायची असेल तर मात्र धीर लागतो, आणि एक वही.

जोडी एकाच जागेवर खेळणाऱ्यांची आणि एकाच वयोगटातली घ्या. पुढे हल्ला करणाऱ्या फॉरवर्डची तुलना मागे बचाव करणाऱ्या फुलबॅकशी होत नाही. सोळा वर्षांखालच्या मॅचमध्ये एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून काडीसारखा असतो. पहिला अंगाच्या जोरावर पुढे घुसतो त्याला शैली म्हणू नका. दुसऱ्याचं अंग भरलं की तो फरक उरत नाही.

मैदानही एकच हवं. मातीवर चेंडू कसाही उसळतो, म्हणून मुलगा मान खाली घालूनच तो ट्रॅप करतो, म्हणजे स्टिकने अडवतो. मुंबईत चर्चगेटला वानखेडेच्या शेजारी महिंद्रा हॉकी स्टेडियमवर पाणी मारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, चेंडू सरळ सरकत येतो आणि त्याच मुलाला मान वर करायची उसंत मिळते. एकाला मातीवर आणि दुसऱ्याला टर्फवर बघून ठाम मतं देणारे खूप भेटतात. त्यांना हो म्हणा आणि पुढे चला.

आता खरी मेख. चेंडूकडे बघणं सोडा.

हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही. मलाही अंगवळणी पडायला बराच काळ लागला, कारण डोळे आपोआप चेंडूमागे धावतात. पण एका खेळाडूच्या स्टिकला चेंडू लागतो तो वेळ अख्ख्या मॅचमध्ये अगदी थोडा. उरलेल्या वेळात तो काय करतो, त्यातच त्याचा खेळ असतो. भारताचा फॉरवर्ड धनराज पिल्ले चेंडू घेऊन सुटायचा ती धाव कुणालाही दिसायची. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघातले एम. एम. सोमय्या हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतले, होते, आणि हाफबॅकचं निम्मं काम चेंडू येण्याआधीच उरकलेलं असतं. ते बघायला नजर मुद्दाम वळवावी लागते.

पद्धत अशी. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. पहिला आणि चौथा एकासाठी, दुसरा आणि तिसरा दुसऱ्यासाठी. पुढच्या मॅचला उलटं करा, नाहीतर एकजण कायम ताजातवाना दिसेल आणि दुसरा कायम मधल्या रटाळ वेळात. ठरलेल्या मुलावरून नजर हलवायची नाही. गोल झाला, पब्लिक ओरडलं, तरी नाही. तो बदली होऊन बाकावर बसला तरच दुसऱ्याकडे वळा.

बघायचं काय? चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे नजर टाकतो का. आपला बॅक चेंडू घेऊन उभा असताना हा मोकळ्या जागेत सरकतो, की स्टिक आपटत 'दे, दे' ओरडतो. चेंडू गमावल्यावर लगेच मागे पळतो, की अंपायरकडे हात पसरतो. चर्चगेटला उतरून परत विरार फास्ट पकडणाऱ्याला दार कुठे येणार ते आधीच ठाऊक असतं, तसा एखादा मुलगा जागेवर आधीच हजर असतो. त्याला बहुतेक लोक 'नशीबवान' म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

चेंडू मिळाल्यावरचं सोपं आहे. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट, आणि डावखुरी स्टिक नियमात बसत नाही. त्यामुळे प्रत्येकाची उजवी बाजू बळकट आणि डावीकडे स्टिक उलटी फिरवून, म्हणजे रिव्हर्सने, खेळावं लागतं. डाव्या बाजूने टॅकल आला की एकजण वळून चेंडू उजवीकडे घेतो, दुसरा रिव्हर्सनेच पास देतो. हा फरक वहीत उतरवा.

गोल मोजून शैली कळत नाही. गोल डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या, आतूनच मारता येतो, त्यामुळे आकडे तिथे उभा राहणाऱ्याच्या नावावर जमतात. पेनल्टी कॉर्नरवरची ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं, तर वेगळ्याच खात्यात लिहा.

शेवटी लिहिताना 'हा उत्तम, तो बरा' नको. प्रसंग लिहा: उजव्या साइडलाइनला चेंडू मिळाला, समोर एकच बॅक; हा बाहेरून पळाला, त्याने थांबून आत पास दिला. त्यातही कोचने सांगितलेलं किती, हे वेगळं काढा. बाहेरूनच पळायचा हुकूम असेल तर ती आवड त्या मुलाची नाही. मॅच संपल्यावर कोचला सरळ विचारलं तर बहुतेक सांगतात. मग दुसरी मॅच बघा, आणि तिच्यात पुन्हा न दिसलेली वाक्यं वहीतून खोडा.