‘युरेनियम पकडलं’ अशी बातमी आली की काय करायचं

रात्री साडेअकराला वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, पडते: युरेनियम जप्त, दोघे अटकेत, किंमत अमुक कोटी. पान सोडायला वीस मिनिटं उरलेली असतात. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी एकोणीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत, आणि असल्या बातम्या हाताखालून कितीतरी गेल्या. त्यातली एक मी सपशेल चुकवली. डेस्कवर नव्याने येणाऱ्यांना मी आधी तीच सांगते.

कॉपीत होतं, ‘युरेनियमचा जड ठोकळा सापडला’. मी मथळा दिला, ‘अणुबॉम्बचा कच्चा माल हस्तगत’. दुसऱ्या दिवशी दुपारी एका निवृत्त रेडिओग्राफरांचा फोन आला. वेल्डिंगचे जोड तपासायला गॅमा कॅमेरा वापरतात, त्याच्या आतलं कवच बऱ्याचदा डिप्लिटेड युरेनियमचं असतं, हे त्यांनी मला समजावलं. शिशापेक्षा जड, म्हणून किरण अडवायला उत्तम. बॉम्बच्या कामाचा बहुतेक भाग त्यातून आधीच काढून घेतलेला असतो. “बाई, तुम्ही चिपाडाला ऊस समजलात,” ते म्हणाले. “ते जाऊ द्या. कवच सापडलं, मग आतला इरिडियमचा सोर्स, किरण सोडणारा तुकडा, कुठाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता. त्यानंतर मी एक नियम केला. सापडलेल्या वस्तूकडे कमी बघायचं, हरवलेल्या वस्तूकडे जास्त.

आधी पदार्थाचं पूर्ण नाव मिळवा. ‘युरेनियम’ हे अर्धं नाव आहे. खाणीतून येतं त्यात कामाचा प्रकार, यू-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के लागतो. २० टक्क्यांपासून पुढे ते अतिसमृद्ध धरतात, आणि बॉम्बसाठी साधारण ९० टक्क्यांच्या घरातलं. कॉपीत टक्का नसेल तर मथळ्यात ‘बॉम्ब’ नको. सीझियम, कोबाल्ट, इरिडियम यांचा तर अणुस्फोट होतच नाही. ते रुग्णालयात, कारखान्यात रोज वापरात असतात. पण नुसत्या स्फोटकाबरोबर उडवून पसरवले, किंवा कुणी नकळत घरी नेले, तर माणसं मरू शकतात. म्हणून ‘आण्विक’ आणि ‘किरणोत्सारी’ हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. आमच्याकडे मथळ्यात अक्षरं बसत नाहीत म्हणून ‘आण्विक’ वापरायचे. हे कारण चालणार नाही.

दोन नावांपैकी कुठलंही दिसलं की ती अणुबॉम्बची बातमी म्हणून लावूच नका. ‘रेड मर्क्युरी’ नावाचा अण्वस्त्रांचा जादुई पदार्थ अस्तित्वातच नाही. त्याच्या नावावर जगभर लोक लुबाडले गेलेत. आणि दगडासारख्या दिसणाऱ्या पाव किलो ‘कॅलिफोर्नियम’ या किरणोत्सारी मूलद्रव्याची बातमी आली तर लक्षात ठेवा, की कॅलिफोर्नियम-२५२ बनतं ते अमेरिकेत ओक रिज आणि रशियात दिमित्रोवग्राद इथे, आणि ते मिलिग्रॅममध्ये मोजतात. ती फसवणुकीची बातमी आहे. फसवणूक म्हणूनच लावा.

मग वजन बघा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे व्हिएन्नाची आयएईए, हिशेबासाठी दोन आकडे धरते: प्लुटोनियम ८ किलो, आणि अतिसमृद्ध युरेनियममधला यू-२३५ २५ किलो. इतका माल गेला तर त्यातून एक बॉम्ब होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ. या आकड्यांशेजारी पकडलेले ग्रॅम ठेवले की घाबरवण्याचा मोह आपोआप उतरतो. पण थोडं वजन म्हणजे क्षुल्लक बातमी, हेही खरं नाही. थोडासा माल हा बहुधा नमुना असतो. दुकानदार थान दाखवायच्या आधी कापडाचा तुकडा दाखवतो, तसा.

मे १९९९ मधलं बल्गेरियातल्या रूसे इथल्या सीमेवरच्या नाक्याचं प्रकरण मी नव्या मुलांना हटकून सांगते. एक गाडी थांबवली, चालकाची चुळबुळ कस्टम्सच्या माणसाला खटकली. कागदपत्रं चाळताना त्यात यू-२३५ चा उल्लेख असलेला कागद निघाला. डिकीत एअर कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरमध्ये शिशाचा डबा, डब्यात पिवळं मेण आणि मेणात काचेची कुपी. आत सुमारे ४ ग्रॅम अतिसमृद्ध युरेनियमची पूड. इथे आपली बातमी संपते, पण खरं काम इथून सुरू झालं. माल अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे पुडीइतकाच वेळ त्यांनी वेष्टनाला दिला. मेण पिवळं का, तर त्यात बेरियम क्रोमेट. लेबलचा कागद कुठल्या लाकडाच्या लगद्याचा. या सगळ्याचं बोट पूर्व युरोपाकडे वळत होतं. पुढे २००१ मध्ये पॅरिसला आणि २०११ मध्ये मोल्दोवात पकडलेला माल याच उगमाचा असावा असा संशय आहे. तीन देश, बारा वर्षं, आणि धागा जुळला तो एका देशाने आपला तपास दुसऱ्याला दाखवला म्हणून. कॉपीत ‘नमुना प्रयोगशाळेत पाठवला’ असं शेवटचं वाक्य असतं ना, जे आपण जागा नाही म्हणून उडवतो? ते उडवू नका.

नाक्यावर किरणोत्सार शोधणारं यंत्र वाजलं एवढीच बातमी असेल तर मात्र थांबा. केळी, सिरॅमिक टाइल्स, पोटॅशचं खत, मांजरांच्या शौचासाठीची माती, यांनीही ती यंत्रं वाजतात. थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घेऊन घरी निघालेला रुग्णसुद्धा यंत्र वाजवतो.

किमतीचा आकडा मी छापत नाही. या मालाला भाव ठरवणारा बाजारच नाही. आकडा येतो विकणाऱ्याच्या तोंडून. आणि गिऱ्हाईक कोण? ऑगस्ट १९९४ मध्ये म्युनिक विमानतळावर मॉस्कोहून आलेल्या विमानातून ३६३ ग्रॅम प्लुटोनियम उतरलं. जगभर मथळे झाले. मग कळलं की खरेदीदार म्हणून जर्मन गुप्तचर यंत्रणेचेच लोक उभे होते, आणि त्यावर जर्मन संसदेने चौकशी समिती नेमली. कोटींचा आकडा छापला की पुढच्या भामट्याला आपण दरपत्रक छापून देतो.

काय आणि किती हे झालं. आता तिसरा, मूळ प्रश्न: माल गेला कुणाच्या ताब्यातून? १९९२ मध्ये रशियातल्या पोदोल्स्कच्या एका संस्थेत काम करणाऱ्या इंजिनिअरने थोडं थोडं करून सुमारे दीड किलो अतिसमृद्ध युरेनियम घरी नेलं. चोरी हिशेबात दिसली नाही, कारण प्रक्रियेत इतकी घट होतेच असं तिथे धरलेलं होतं, आणि तो त्या घटीच्या आत राहिला. सापडला तो भलत्याच चोरीच्या तपासात, योगायोगाने. कुंपण तोडून कुणी आलं नव्हतं. म्हणून पोलिसांना ‘कसा पकडला’ एवढंच विचारू नका. ज्याच्याकडून गेला त्याला विचारा, तुम्हाला कधी कळलं? तारखांमधलं अंतर हीच बातमी असते.

आयएईएच्या नोंदींत आजवरच्या चोऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास वाहतुकीदरम्यान झालेल्या आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये मेक्सिकोत ट्रक चोरीला गेला, चोरांना हवा होता ट्रक. आत रुग्णालयातून काढलेला कोबाल्ट-६० होता. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ८ मिलिमीटर लांबीची सीझियमची कुपी ट्रकमधून पडली आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा रस्ता शोधावा लागला. ती सापडली रस्त्याच्या कडेला. या दोन्ही वेळी माल गेल्याचं कळल्यावर लोकांना सांगण्यात आलं. मेक्सिकोने आयएईएला कळवलं आणि तिने ते जगाला सांगितलं.

चौथा प्रश्न याच्यातूनच येतो: कुणी कुणाला कळवलं? इथे वाचकांचा, आणि बऱ्याच पत्रकारांचाही, एक गैरसमज असतो. आयएईएकडे पोलिस नाहीत. व्हिएन्नाहून गाडी निघून कुणावर छापा पडत नाही. रखवाली ज्याची त्याच्या देशाची. १९९५ पासून तिच्याकडे अशा घटनांची नोंदवही आहे, १९९३ पासूनच्या चार हजारांहून अधिक घटना तिच्यात आहेत, पण कळवणं देशाच्या मर्जीवर. जो देश जास्त घटना कळवतो तिथे जास्त ढिलाई, असं गणित मांडू नका. न कळवणाऱ्याची पाटी कोरी दिसतेच.

करारांची नावं कॉपीत आली तर एवढं पुरे. अणुसामग्रीच्या भौतिक संरक्षणाचा करार १९८० चा, मुख्यतः देशोदेशीच्या वाहतुकीपुरता. देशातले साठे आणि प्रकल्प त्यात आणणारी दुरुस्ती २००५ ची, पण ती लागू व्हायला मे २०१६ उजाडलं. २००५ चाच आण्विक दहशतवादविरोधी करार सांगतो की आरोपी सापडला तर खटला चालवा, नाहीतर सोपवा. सुरक्षा परिषदेचा १५४० क्रमांकाचा ठराव एप्रिल २००४ चा, सगळ्या देशांना बंधनकारक. ‘भौतिक संरक्षण’ करार नागरी वापराच्या मालासाठी आहे, लष्कराकडचा माल त्याच्या बाहेर. हे वाक्य बातमीत कधीच नसतं, तुम्ही घाला. २०१० ते २०१६ या काळात अणुसुरक्षेवर चार शिखर परिषदा झाल्या, शेवटचीला रशिया आलाच नाही.

कळवणं म्हणजे काय हे मला करारांपेक्षा ब्राझीलमधल्या गोयानियाने जास्त शिकवलं. सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या दवाखान्यात सोडून दिलेलं उपचारयंत्र भंगारात गेलं, आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची, लोकांनी ती कौतुकाने वाटून घेतली. माणसं आजारी पडायला लागल्यावर भंगारवाल्याच्या बायकोला शंका आली. तिने ती वस्तू पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात पोचवली. चार जण गेले, त्यात तीही होती. एक लाख बारा हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली. दहशतवादी कुणीच नव्हता, यंत्राची जबाबदारी कुणाकडे एवढाच घोळ होता.

तर कॉपी हातात आली की समासात चार शब्द लिहा: काय, किती, कुठून, कुणाला. ज्याचं उत्तर नाही त्याचं वाक्य करून छापा: ‘आतला सोर्स कुठे आहे, हे पोलिसांनी सांगितलेलं नाही.’ एवढ्या एका वाक्याने दुसऱ्या दिवशी कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आणि तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला डायरीत ‘अहवाल?’ असं टिपून ठेवा.

मी तेव्हा टिपलं नव्हतं. खुलासा चार ओळींचा, आतल्या पानावर गेला. त्या सोर्सची चौकशी मी केली तेव्हा आठ महिने उलटले होते. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली, नव्याला ठोकळा आठवत होता, कॅमेरा आठवत नव्हता. इरिडियम-१९२ दर ७४ दिवसांनी निम्मं होतं. रेडिओग्राफरांना फोन केला तर ते म्हणाले, आता दहावा हिस्सा उरला असेल.